रक्ताचें प्रगतिपुस्तक

आयुष्याचीं छत्तीस वर्षें मीं मुलांचे पेपर तपासण्यांत घालविलीं. त्या व्यवसायानें माणसाला एक खोड जडते. समोर आंकडा आला कीं तो पस्तिसाच्या वर आहे कीं खालीं एवढें पाहावयाचें, आणि पुढचा कागद घ्यावयाचा. पेन्शनींत निघाल्यावरहि ही खोड सुटत नाहीं. ती स्वतःच्या प्रकृतीला लावली म्हणजे काय होतें, तें सांगावयास आज बसलों आहें. विषय मूत्रपिंडांचा आहे. घरांतील लहानथोर सर्वच मंडळी जें मासिक वाचतात, त्यांत लघवीचा उल्लेख करणें आमच्या पिढीस प्रशस्त वाटत नाहीं. परंतु कांहीं अंशीं ह्याच संकोचापायीं आमच्या घरांतील कर्ता पुरुष गेला. तेव्हां वाचकांनीं क्षमा करावी.

आमचें घर वाईचें. घाटावरच्या देवळांतली घंटा माजघरांत ऐकूं येते, इतकें तें कृष्णेच्या जवळ आहे. एका स्वयंपाकघरांत चौदा माणसांचें अन्न शिजतें. मी मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली आणि मराठी शाळेंत लागलों. संस्कृताचें जें कांहीं थोडेंफार ज्ञान आहे, तें वडिलांच्या पायांपाशीं बसून आणि गांवांतील शास्त्रीबोवांच्या कृपेनें मिळालें. वडीलबंधु दादा हे माझ्याहून सात वर्षांनीं मोठे. घरची याज्ञिकी त्यांनीं चालविली. गणपतीच्या दिवसांत पहाटे चारला बाहेर पडलेला हा माणूस दुपारीं दोनला घरीं येई. मधल्या वेळांत पंधरा-वीस घरच्या पूजा. पाटावर मांडी घालून तासन् तास बसावयाचें, आणि यजमानाच्या घरीं मध्येंच उठून बाहेर जाण्याचा संकोच, म्हणून पाणीहि बेताचेंच प्यावयाचें. पन्नाशी लागली तशी गुडघ्यांनीं तक्रार मांडली.

२००१ सालीं एका डॉक्टरांनीं त्यांना आठ दिवसांसाठीं वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. गोळी घेतली कीं अर्ध्या तासांत मांडी घालतां येई. आठ दिवसांची ती चिठ्ठी आठ वर्षें चालली. औषधाचें दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर. गल्ल्यावर बसणारा मुलगा माझा विद्यार्थी. मास्तरांकडे चिठ्ठी कोण मागणार? दर महिन्यास तीन पट्ट्या मीच आणून देत असें. त्या पिशवींत टाकतांना आपण भावाची सेवा करीत आहों, असेंच मला वाटे.

ह्या गोळ्या काय करतात तें मला पुढें फार उशिरां कळलें. शरीरांत वेदना उत्पन्न करणारीं जीं द्रव्यें आहेत त्यांचीच सख्खीं भावंडें मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवण्याचें काम करीत असतात. गोळी दोघांचाहि बंदोबस्त करते. गुडघा शांत होतो आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आखडतो. तरुण, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला चार दिवस घेतलेल्या गोळीनें सहसा कांहीं होत नाहीं. परंतु ज्याचा रक्तदाब चढलेला आहे, जो पाणी कमी पितो, आणि जो वर्षानुवर्षें ती घेतो, त्याची गोष्ट निराळी. दादांना रक्तदाबहि होता, हें आम्हांला नंतर कळलें. कारण तो कधीं मोजलाच नव्हता.

२००८ पासून ते रात्रीं दोन-तीनदां उठत. वय झालें, असें आम्ही म्हणालों. लघवीला फेंस येतो असें ते एकदां वहिनींजवळ बोलले. वहिनींनीं तें मला सांगितलें नाहीं, कारण असली गोष्ट दिराला सांगावयाची कशी? सायंकाळीं पाऊल सुजे, वहाणेचा पट्टा पायांत रुते. दिवसभर बसण्याचा परिणाम, असें मी म्हणालों. अन्नाची चव गेली, अंगाला खाज सुटे, तोंडावर फिकटपणा आला. प्रत्येक लक्षणाला आमच्याजवळ एक समाधानकारक उत्तर तयार होतें. सर्व लक्षणें एका ओळींत मांडून पाहण्याचें मात्र कोणाला सुचलें नाहीं. आणि हें मी रोज मुलांना बेरीज शिकवीत असतां!

२००९ च्या अनंत चतुर्दशीनंतर दादांना उचकी लागली ती तीन दिवस थांबेना. तेव्हां साताऱ्यास नेलें. रक्तांतील क्रिएटिनिन ८.४ निघालें, असावयास पाहिजे तें साधारण एकाच्या आंतबाहेर. सोनोग्राफींत दहा-अकरा सेंटिमीटर लांबीचीं असावयाचीं मूत्रपिंडें साडेसातावर आलेलीं दिसलीं. डॉक्टर म्हणाले, "हें आजचें नाहीं, मास्तर. पुष्कळ वर्षांचें आहे." मीं विचारलें, "मग दुखलें कसें नाहीं?" त्यावर ते म्हणाले, "मूत्रपिंडांत खडा अडकला तर माणूस गडबडां लोळतो. पण मूत्रपिंड झिजतें तेव्हां हूं कीं चूं करीत नाहीं. त्याची हाक रक्तांत आणि लघवींत तेवढी ऐकूं येते, आणि तीहि कोणी कान दिला तर."

पुढचीं दोन वर्षें आठवड्यांतून तीन दिवस डायालिसिस झालें. वाईहून सातारा पस्तीस-एक किलोमीटर. पहाटेच्या एस.टी.नें जावयाचें, चार तास यंत्राला बांधून घ्यावयाचें, आणि दुपारीं गळून गेलेलें शरीर घरीं आणावयाचें. हें यंत्र प्रथम विलेम कोल्फ ह्या डच वैद्यानें १९४३ सालीं जर्मन अंमलाखालीं असलेल्या हॉलंडांत काम्पेन गांवीं तयार केलें. लांकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून त्यानें माणसाचें रक्त धुतलें. त्या माणसाचे उपकार मानावेत तितके थोडे. तरी पण यंत्र तें यंत्र. निरोगी मूत्रपिंडांच्या जोडींत सुमारें वीस लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठीं १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यांतला दीड-दोन लिटर वगळून बाकीचा सगळा पुनः रक्तांत घेतला जातो. हें काम अष्टौप्रहर चालतें. यंत्र तें आठवड्यांतून बारा तास करतें. उरलेल्या वेळांत जें पाणी प्यावें तें शरीरांतच सांचावयाचें. दादांना दिवसाला एक लिटर पाण्याची मर्यादा घालून दिलेली होती, आणि त्यांत आमटी, ताक, औषधाचा घोट सर्व आलें. संध्या करतांना ते आचमनाचें पाणी ओठाला लावून ताम्हणांत सोडीत. भेटावयास येणारे प्रेमानें शहाळीं आणीत. नारळाच्या पाण्यांत पोटॅशियम फार, आणि निकामी मूत्रपिंडाच्या माणसाला तें हृदय बंद पाडण्याइतकें घातक ठरूं शकतें. म्हणून तीं शहाळीं कोपऱ्यांत पडून राहत आणि दादा त्यांच्याकडे पाहत बसत. शिवारांतला दीड एकराचा तुकडा त्या दोन वर्षांत विकला गेला. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांतून गरिबांस मोफत डायालिसिस देण्याची केंद्र सरकारची योजना आली ती २०१६ सालीं.

मूत्रपिंड बदलण्याचा विचार निघाला. १९९४ च्या कायद्याप्रमाणें आईबाप, मुलें, भावंडें आणि पतिपत्नी ह्यांना जवळचे नातेवाईक म्हणून तें देतां येतें. वहिनी पहिल्यांदा उभ्या राहिल्या. तपासणींत त्यांना मधुमेह निघाला. पुतण्या तयार होता, पण "पोराच्या अंगाला सुरी लावूं देणार नाहीं" म्हणून दादांनीं अन्नच सोडलें. मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मीं दोन दिवसांची मुदत मागितली. ते दोन दिवस मी घाटावर बसून काढले. तिसऱ्या दिवशीं होय म्हणालों, आणि तपासणीस गेलों. माझा रक्तदाब १७०/१०४ निघाला. डॉक्टरांनीं मला नापास केलें. त्या क्षणीं मला वाईट वाटलें, आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशीं कोठें तरी हायसेंहि वाटलें. एवढें एक वाक्य लिहावयास मला पंधरा वर्षें लागलीं.

दादा २०११ च्या मार्गशीर्षांत गेले.

मला रक्तदाबाची रोज एक गोळी लिहून दिलेली होती. ती मीं वर्षभर इमानानें घेतली. पुढें डोकें जड वाटलें कीं घ्यावयाची, असा माझा स्वतःचा नियम मीं बसविला. शहाण्या माणसांनीं असला नियम करूं नये, हें मला पूर्ण ठाऊक होतें. क्रिएटिनिन मात्र अधूनमधून तपासून घेत असें, आणि कागदावर "मर्यादा ०.७ ते १.३" असें छापलेलें असे त्यांत आपला आंकडा बसतो एवढें पाहून कागद ट्रंकेंत टाकीत असें.

२०२१ सालीं आमच्या घरांत सून आली. ती रसायनशास्त्राची पदवीधर, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेंत काम करणारी. २०२२ च्या दिवाळीनंतर माझा नवा रिपोर्ट आला, त्यांत १.३ होतें. मीं म्हटलें, "चला, पास!" सूनबाई कांहींच बोलली नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, जुने कागद आहेत का?" मीं ट्रंक उघडून दिली. तिनें चार कागद माजघरांत ओळीनें मांडले, आणि माझ्याच जुन्या हजेरीबुकाच्या कोऱ्या पानावर आंकडे उतरविले. २०१० सालीं ०.९, २०१६ सालीं, म्हणजे मी निवृत्त झालों त्या वर्षीं १.०, २०१९ सालीं १.१, आणि आतां १.३. मग त्या प्रत्येकासमोर, वय घालून, मोबाइलवर हिशेब करून तिनें दुसरा आंकडा मांडला: १०३, ८७, ७६, ६१.

"हें काय?" मीं विचारलें.

"मूत्रपिंडें मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात त्याचा हा अंदाज. क्रिएटिनिन, वय आणि पुरुष कीं स्त्री, एवढ्यावरून काढतां येतो. ढोबळ मानानें हे शंभरपैकीं मार्क समजा."

मी तिच्याकडे पाहतच राहिलों. वर्गांत एखादा मुलगा पहिलीला १०३, म्हणजे पैकीच्या पैकीं, मग ८७, मग ७६, मग ६१ असा खालीं येत असता, तर मीं त्याच्या बापाला केव्हांच बोलावून घेतलें असतें. तो पास आहे म्हणून गप्प बसलों नसतों. आणि येथें माझें स्वतःचें प्रगतिपुस्तक बारा वर्षें ट्रंकेंत पडलेलें होतें!

ह्या प्रकारांत फसगत कोठें होते तें मी पुढें सूनबाईकडून समजून घेतलें. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज ठराविक प्रमाणांत बाहेर पडणारा कचरा आहे. मूत्रपिंडें तो गाळून टाकतात. गाळण्याची शक्ति थोडी कमी झाली कीं रक्तांतील कचरा थोडा वाढतो. पण सुरुवातीला ही वाढ इतकी बारीक असते कीं शक्ति अर्ध्यावर येईपर्यंत आंकडा छापील मर्यादेंत राहूं शकतो. पुढें मात्र तो भराभर चढतो. म्हणजे जेव्हां कांहीं करतां येण्यासारखें असतें तेव्हां आंकडा कुजबुजतो, आणि जेव्हां करण्यासारखें फारसें उरत नाहीं तेव्हां ओरडतो. म्हणूनच नुसत्या एका कागदाला फार किंमत नाहीं. कागद जपून ठेवून त्यांची ओळ लावणें हेंच खरें. घरोघरच्या ट्रंकांतून असे किती कागद सुटे पडले असतील, देव जाणे.

एका जुन्या संस्कृताच्या विद्यार्थ्याला येथें थोडें विषयांतर करूं द्यावें. १८३२ सालीं शेव्ह्रल ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें मांसाच्या अर्कांतून एक द्रव्य वेगळें काढलें आणि ग्रीक भाषेंतील मांसवाचक 'क्रेआस' शब्दावरून त्याला क्रिएटिन हें नांव दिलें. त्यापासून होणारें तें क्रिएटिनिन. हा 'क्रेआस' आणि आपला वैदिक 'क्रव्य' हे एकाच कुळांतले शब्द. क्रव्य म्हणजे कच्चें मांस, आणि क्रव्याद म्हणजे प्रेत खाणारा चितेचा अग्नि. सूनबाईच्या तोंडून क्रिएटिनिन शब्द ऐकतांना मला दादांच्या चितेची आठवण झाली, ती ह्या व्युत्पत्तीमुळें. वृक्क हा शब्दहि आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतानें वृक्कांची उत्पत्ति रक्त आणि मेद ह्यांच्या सारापासून सांगितली आहे. त्यांच्या झिजेची बातमी रक्तांतच शोधावी लागते, हें मला त्यामुळें उगीचच बरें वाटतें. असो.

एके रविवारीं सूनबाईनें मला तिच्या प्रयोगशाळेंत नेलें. क्रिएटिनिन ओळखण्याची मूळ युक्ति माक्स याफे ह्या जर्मन संशोधकाची, १८८६ सालची. पिक्रिक अम्लाचें पिवळें पाणी, त्यांत थोडा क्षार. क्रिएटिनिन मिसळलें कीं तें नारिंगी-तांबडें होतें. पुढें १९०४ मध्यें ऑटो फोलिन ह्यानें त्या रंगाच्या गडदपणावरून लघवींतील क्रिएटिनिनचें माप घेण्याची पद्धत बसविली. आतां तें काम यंत्रें करतात, आणि कित्येक ठिकाणीं पद्धतहि निराळी वापरतात. पण सूनबाईनें मुद्दाम एका नळींत करून दाखविलें. हळदीला चुना लागला कीं तिचें कुंकू होतें, अगदीं तसें पिवळ्याचें तांबडें होतांना मीं डोळ्यांनीं पाहिलें. जितकें कुंकू गडद, तितकें मूत्रपिंड आळशी. एवढें कळावयाला माझें मॅट्रिकपर्यंतचें विज्ञान पुरेसें होतें.

परंतु रक्ताच्या एकट्या तपासणीनें भागत नाहीं, ही दुसरी गोष्ट तिनें मला ठासून सांगितली. गाळणी झिजूं लागली म्हणजे कित्येकदां क्रिएटिनिन चढण्याच्या पुष्कळ आधीं रक्तांतील अल्ब्युमिन हें प्रथिन लघवींत झिरपूं लागतें. १८२७ सालीं लंडनच्या गायज् रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट ह्या वैद्यानें सूज आलेल्या रोग्यांची लघवी चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापविली, तेव्हां ती नासलेल्या दुधासारखी फाटली. मेल्यावर त्यांचीं मूत्रपिंडें पाहिलीं तों बिघडलेलीं. आज त्यासाठीं मेणबत्ती लागत नाहीं. सकाळची थोडी लघवी दिली कीं त्यांतील अल्ब्युमिनचें क्रिएटिनिनशीं प्रमाण काढून देतात. तें ३० च्या खालीं असावें. दादांच्या लघवीचा फेंस म्हणजे हेंच, हें मला त्या दिवशीं उमगलें. माझें प्रमाण २१० निघालें.

लगेच घाबरून जावयाचें नाहीं, असेंहि सूनबाईचें म्हणणें. ताप आलेला असतां, जुलाब होऊन गेलेले असतां, किंवा निर्जळी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीं रक्त दिलें तर आंकडा उगीच चढतो. म्हणून तीन महिन्यांनीं दोन्ही तपासण्या पुनः करावयाच्या, आणि बिघाड तेव्हांहि कायम असला तरच त्याला रोग म्हणावयाचें. तीन महिन्यांनीं माझें प्रमाण १९५ आलें. तेव्हां डॉक्टरांकडे गेलों.

उपचारांत कांहीं चमत्कार नव्हता. रक्तदाबाची गोळी बदलली. नवी गोळी मूत्रपिंडांच्या गाळणीवरचा दाबहि उतरविते म्हणतात, आणि ती डोकें दुखो न दुखो रोज घ्यावयाची, हें डॉक्टरांनीं माझ्यादेखत सौभाग्यवतींना सांगितलें, तेव्हां माझा जुना नियम मोडला. पानांतलें लोणचें आणि पापड गेले, मीठ वाढून घेणें बंद झालें. वर्षभरानें आणखी एक गोळी आली. ती मूळची मधुमेहाची. मला तो नाहीं, तरी मूत्रपिंडांचा ऱ्हास ती मंदावते असें २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत दिसून आलें. ह्या जातीच्या औषधांचें मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून १८३५ सालीं काढलेल्या एका द्रव्यांत आहे, हें ऐकून मला मौज वाटली; आमच्याकडे सफरचंद येतें तें माणूस आजारी पडल्यावर, आणि साल काढून. पहिल्या महिन्यांत क्रिएटिनिन १.४ झालें तेव्हां माझी झोंप उडाली. ही किंचित् वाढ अपेक्षितच असते, मात्र ती फार होत नाहीं ना हें पाहावें लागतें, असें डॉक्टर म्हणाले. पुढें तें उतरलें. आज २०२५ सालीं तें १.३ आहे, मार्क ६०, आणि अल्ब्युमिन ७० वर आलेलें आहे. गेलेलें परत येत नाहीं. घसरण तेवढी थांबली आहे.

हल्लीं वर्तमानपत्रांत ऐंशी तपासण्या अमुक रुपयांत, अशा जाहिराती येतात. सरसकट सगळ्यांनीं सगळें तपासावें, ह्या मताचा मी नाहीं. मुलांच्याहि नको तितक्या परीक्षा घेतल्या तर तीं शिकतात केव्हां? पण ज्याला मधुमेह आहे, ज्याला रक्तदाब आहे, ज्याच्या घरांत कोणाचीं मूत्रपिंडें गेलीं आहेत, ज्याला वारंवार खडे होतात, किंवा जो वर्षानुवर्षें दुखण्याच्या गोळ्या खातो, त्यानें ह्या दोन स्वस्त तपासण्या वर्षांतून एकदां करून कागद जपून ठेवावा. आमच्या घरांत ह्या व्याख्येंत चौदापैकीं पांच जणें बसलीं. चौघांचें काम सोपें होतें.

पांचव्या वहिनी.

त्या आतां बहात्तर वर्षांच्या आहेत. अंगानें काडी. मधुमेहाला पंधरा वर्षें झालीं. साखर त्या घरच्या यंत्रावर तपासूं देतात, पण त्यापलीकडे कोणाचें चालूं देत नाहींत. गेल्या चैत्रांत डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यांचें रक्त घ्यावें लागलें, तेव्हां क्रिएटिनिन १.१ आलें. कागदावर स्त्रियांची मर्यादा १.१ च छापलेली. म्हणजे काठावर का होईना, पास. सूनबाईनें हिशेब केला तो ५३ आला. मीं म्हटलें, "अग, हाच आंकडा आपल्या तालमींतल्या पंचवीस वर्षांच्या मुलाचा असता तर?" ती म्हणाली, "तर ९६. त्याच्या अंगावर मांस आहे, त्याचा कचराच जास्त निघतो. काकूंच्या अंगावर स्नायूच नाहींत. एवढ्याशा अंगांतून निघालेला थोडासा कचराहि मूत्रपिंडांना उचलवत नाहीं, असा ह्या १.१ चा अर्थ." म्हाताऱ्या, कृश बायकांच्या बाबतींत छापील मर्यादा किती लबाड असते, हें मला तेव्हां समजलें.

तीन महिने होऊन गेले. पुनः रक्त आणि लघवी द्यावयाची. वहिनींनीं साफ नाकारलें. सूनबाईनें समजाविलें, पुतण्या रागावला, माझ्या कुटुंबानें गोड बोलून पाहिलें. अखेर मी जाऊन त्यांच्या समोर बसलों. त्या वाती वळीत होत्या.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "त्यांना सुया टोंचून टोंचून शेवटीं काय झालें तें तुम्हीं पाहिलेंत. मला माहीत करून घ्यावयाचेंच नाहीं. जें होईल तें होवो."

मीं म्हटलें, "वहिनी, त्यांना सुया फार उशिरां टोंचल्या." आणि मग, कां कोण जाणे, चौदा वर्षें घशांत अडकलेलें बाहेर आलें. "त्या गोळ्यांच्या पट्ट्या मी आणून देत होतों. दर महिन्याला. तुम्हीं मला कधीं एका शब्दानें विचारलें नाहींत."

त्यांचे हात थांबले. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग वातींकडेच पाहत म्हणाल्या, "विचारूं काय? संपलेली पट्टी तुमच्या पिशवींत मीच घालून ठेवीत असें, तुम्हांला नांव आठवावें म्हणून."

एवढें बोलून त्यांनीं पुनः वाती वळावयास सुरुवात केली. मी उठून माडीवर गेलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां त्या लुगडें बदलून ओटीवर येऊन उभ्या राहिल्या. हातांत सूनबाईनें दिलेली बाटली, वर दोन रुमाल गुंडाळलेले. मला म्हणाल्या, "चला. पण रिक्षा दारांत नको, कोपऱ्यावर बोलवा, शेजारीं विचारतील." मीहि माझें रक्त त्याच वेळीं द्यावयाचें ठरविलें होतें. दोघेंहि एका बांकावर बसलों. सुई टोंचतांना त्यांनीं डोळे मिटले. मुलीनें कापूस दाबून धरावयास सांगितला तो त्यांनीं घरीं येईपर्यंत दाबून धरला होता.

ही कालची गोष्ट. रिपोर्ट आज सायंकाळीं मिळणार आहे. तो सूनबाईनें मोबाइलवर पाहूं नये, मींच जाऊन कागद आणावा, असा वहिनींचा हुकूम आहे. आणि जातांना पिशवी विसरूं नका, असें त्यांनीं मला सकाळपासून दोनदां बजावलें आहे.